काळा साबण: कोंढव्यापासून बोहरी आळीपर्यंत

कोंढव्यात राहणाऱ्यांना आफ्रिकेतले विद्यार्थी नवे नाहीत. पुण्यात शिकायला येतात, काही वर्षं राहतात, जुम्म्याला आपल्याच सफमध्ये उभे असतात. आमच्या मजल्यावरही नायजेरियातली एक योरुबा मुलगी राहायला आली. तिला घर द्यावं की नाही, यावर सोसायटीच्या बैठकीत बरीच कुजबुज झाली होती. खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्ही मायलेकी गप्पच बसलो होतो.

रमजानमध्ये आम्ही तिच्याकडे इफ्तारीची ताटली पाठवली. दुसऱ्या दिवशी ताटली परत आली, पण रिकामी नाही. आपल्यासारखीच तिच्याकडेही ही रीत असावी. कागदात एक मऊ, काळपट गोळा होता. तिकडचा हलवा असेल म्हणून आम्ही तो दस्तरखानावर मांडलासुद्धा! ती हसून म्हणाली, "आंटी, हा खायचा नाही. साबण आहे."

तिच्या भाषेत त्याला 'ओसे डुडू' म्हणतात, म्हणजे काळा साबण. घानात त्याचं नाव 'अलाता सामिना'. लेकीने तो आवडीने वापरला. मग एके दिवशी बाजारातून एक चकचकीत काळी वडी घेऊन आली. खोक्यावर गोरेपणाचं आश्वासन होतं. आम्ही काही बोललो नाही. महिन्यापूर्वी तिला पाहायला आलेल्यांनी रंगावरून नकार कळवला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ती वडी पाहून शेजारीण म्हणाली, "आमच्याकडे हा साबण सगळेच वापरतात. तो मळ काढतो, रंग नाही." मग तिने तो कसा बनतो ते सांगितलं आणि आम्ही ठरवलं, एकदा करून पाहूच.

स्वारगेटला बस बदलून आम्ही तिघी मंडईत पोहोचलो. १८८६ साली ही इमारत उभी राहिली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. ज्या महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत तिच्या खर्चाला विरोध केला, त्यांचंच नाव पुढे तिला मिळालं. आम्ही कच्ची केळी घेतली. भाजी करायची आणि साली ठेवायच्या. तिकडे भाजीच्या केळ्याच्या साली आणि कोकोच्या शेंगांची टरफलं वाळवून जाळतात. राख पाण्यात भिजवून गाळली की खारं, झोंबरं पाणी मिळतं. पामतेल, पाम-बियांचं तेल किंवा शिया बटर तापवून त्यात हे पाणी घालतात आणि तासन्‌तास ढवळतात. साबण वर येतो, तो काढून काही आठवडे मुरू देतात. काळेपणा रंगाचा नाही, भाजलेल्या सालींचा आणि राखेचा.

मंडईतून चालत रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेलो. दोऱ्या, प्लास्टिक, लोखंडी सामान, अशा गर्दीत एका जुन्या दुकानदाराने फरक समजावला. कॉस्टिक सोड्याने साबणाची वडी घट्ट होते, राखेतल्या पोटॅशने साबण मऊच राहतो. म्हणून खरा काळा साबण ओबडधोबड आणि हाताला मऊ असतो. आम्हाला आणखी एक गंमत आठवली. 'अल्कली' हा शब्द मूळ अरबी 'अल-कली', म्हणजे खाऱ्या वनस्पतीची राख. आपला 'साबण'ही अरबी 'साबून'चाच नातलग. आमची नानी चुलीतल्या राखेने भांडी घासायची, तेही याच क्षाराच्या जोरावर.

घरी आल्यावर आमची फजिती झाली. गच्चीवर साली वाळवल्या, लोखंडी कढईत जाळल्या, तर राख उरली जेमतेम मूठभर. खोबरेल तेलात घोटून घोटून हात दुखले, तरी तेलकट लगदाच झाला. शेजारीण पोट धरून हसली. "आंटी, यासाठी पोती भरून साली लागतात!" शेवटी तिच्याकडचाच आणखी एक गोळा आमच्या वाट्याला आला.

तो कसा सांभाळायचा, हेही तिनेच शिकवलं. हा साबण हवेतला ओलावा ओढून घेतो आणि पुण्याच्या पावसाळ्यात विरघळायला लागतो. म्हणून लहान तुकडे करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि एकच तुकडा बाहेर काढावा. वर पांढरट थर आला तरी साबण वाया जात नाही. तुकडा थेट चेहऱ्यावर घासू नये, त्यातल्या राखेचे कण ओरखडतात. हातावर फेस करून लावावा, डोळ्यांपासून दूर ठेवावा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. त्वचा कोरडी पडते, म्हणून नंतर थोडं तेल लावावं. इसब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आणि कुणाला घरी राखेचं पाणी करायचंच असेल तर ॲल्युमिनियमचं भांडं नको, क्षार ते खातो. लहान मुलांनाही दूर ठेवावं.

त्या रात्री आमच्यात बऱ्याच गप्पा झाल्या. काबागृहाच्या छतावरून अजान देण्याचा मान हबशी हजरत बिलाल (रजि.) यांना मिळाला, हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. हबशातून गुलाम म्हणून आणले गेलेले मलिक अंबर निजामशाहीचे वजीर झाले. त्यांनी खडकीला, म्हणजे पुण्यातल्या नव्हे तर पुढे औरंगाबाद झालेल्या खडकीला, नहरीने पाणी पुरवलं. १६२६ साली त्यांचा इंतकाल झाला. हे सगळं आपल्याला पाठ असतं आणि तरीही रिश्ता पाहताना आपण पहिला प्रश्न विचारतो, "मुलगी गोरी आहे ना?" आम्हीही तो इतरांच्या लेकींबद्दल विचारला आहे.

लेकीने ती चकचकीत वडी कुणी न सांगता मोरीत कपडे धुवायला ठेवून दिली.

गेल्या महिन्यात शेजारणीच्या घराचा करार संपत आला, तेव्हा सोसायटीत पुन्हा कुजबुज सुरू झाली. या वेळी आम्ही दोघी उठून बोललो. फार काही नाही, इतकंच की ती आमची शेजारीण आहे आणि शेजाऱ्याचा हक्क असतो. करार पुढे वाढला, अलहम्दुलिल्लाह. संध्याकाळी तिच्याकडे शीरखुर्म्याचं भांडं पाठवलंय. ते रिकामं येणार नाही, हे आता आम्हाला ठाऊक आहे.