पेणला प्लग, माणगावला पान

माहीमला सावरकर मार्गावर मोठ्या इस्पितळाच्या आसपास बाहेरगावच्या गाड्या दिवसभर उभ्या असतात. पेशंट वर, ड्रायव्हर खाली, आणि सुटका कधी होणार ते दोघांनाही माहीत नसतं. सासूबाईंना तपासणीला घेऊन गेले होते, तेव्हा तिथे एका ड्रायव्हरदादांना मी वाफाळती खिचडी खाताना पाहिलं. जवळ गॅस नाही, स्टोव्ह नाही. शेजारच्या सीटवर मुलांच्या डब्याच्या पिशवीएवढी एक काळी पेटी, आणि तिची वायर लायटरच्या सॉकेटात. नाशिकहून निघालो, कसाऱ्याला प्लग लावला, एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

मला ती पेटी हवीच होती. आमचं गाव कणकवलीजवळ. गणपतीला माहीमहून निघायचं तर सुमारे साडेचारशे किलोमीटर, आणि मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं तेव्हापासून तो रस्ता किती तासांत गाठता येईल हे आमच्या घरात कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. सासूबाईंना इन्सुलिन आहे. वेळेवर, मऊ आणि बेताचं तिखट जेवण मिळालं नाही तर त्यांना घाम फुटतो, हात थरथरतात. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत इंदापूर-माणगावच्या पट्ट्यात गाड्यांची रांग लागते. हॉटेलात बसायला जागा मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, आणि मग पानात येते ती तेलाची तर्री आलेली मिसळ. ती त्यांना कशी द्यायची?

ऑनलाइन मागवलेली पेटी आली. खोक्यावर अख्खी भाजलेली कोंबडी, बाजूला मक्याची कणसं, आणि मोठ्या अक्षरात १२ व्होल्ट. आत एक सपाट धातूची तापणारी पट्टी, तिच्यावर बसणारे अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे, चेनचं झाकण आणि जाडजूड प्लग. बटण नाही, कमी-जास्त करायची खुंटी नाही. प्लग लावला की सुरू, काढला की बंद. माहितीपत्रकात भाताला किती वेळ, भाजीला किती, याचा पत्ताच नाही. घरी गॅसची ज्योत दिसते, कुकरची शिट्टी ऐकू येते. इथे आत काही चाललंय की नाही, हेच मला कळेना.

शेवटी ती घेऊन मी लेडी जमशेटजी रोडच्या मागच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये गेले. तिथले चाचा आमच्या गाडीची वायरिंग वर्षानुवर्षं बघतात. त्यांनी पेटी उलटी केली, बुडाशी बारीक अक्षरात १०० वॅट छापलं होतं ते दाखवलं, आणि विचारलं, "वहिनी, घरी इंडक्शन आहे ना? त्यावर किती लिहिलंय?" आमच्या शेगडीवर २००० लिहिलेलं आहे. "मग ही त्याचा विसावा हिस्सा. आता बसा हिशोब करत."

तो हिशोब मी खरंच केला, कारण त्याशिवाय डोक्यातला गोंधळ सुटेना. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण २९३ किलोज्यूल उष्णता लागते. १०० वॅटची पट्टी सेकंदाला १०० ज्यूल देते. म्हणजे थेंबभर उष्णता वाया गेली नाही तरी एकोणपन्नास मिनिटं. आणि वाया तर जातेच: झाकणातून, कापडातून, गाडीतल्या एसीच्या गार हवेत. पाणी जितकं तापतं तितकी ही गळतीही वाढते. त्यामुळे मोठं भांडं भरून ठेवलं तर ते बराच काळ नुसतं कढत राहतं, उकळी काही फुटत नाही. खोक्यावरची अख्खी कोंबडी मी तेव्हाच मनातून काढून टाकली.

मग जास्त वॅटची पेटी का बनवत नाहीत? त्याचं उत्तर चाचांनी डॅशबोर्डखालची फ्यूजची डबी उघडून दिलं. आमच्या गाडीत लायटरच्या सॉकेटला १० अँपिअरचा फ्यूज आहे; काही गाड्यांत १५ चा असतो. बारा व्होल्ट गुणिले दहा अँपिअर, म्हणजे १२० वॅट. त्यापुढे फ्यूज उडणार, आणि तो उडावा म्हणूनच बसवलेला असतो. १० चा काढून २० चा बसवला तर पेटी चालेल, पण सॉकेटची वायर तेवढ्या करंटसाठी ओढलेली नसते; ती आत वितळेल आणि आग डॅशबोर्डच्या मागे लागेल. लायटरला लावायचा छोटा इन्व्हर्टर घेऊन त्यावर घरचा राइस कुकर चालवायची कल्पनाही याच कारणाने बाद झाली. वीज त्याच भोकातून, त्याच फ्यूजमधून यायची.

चाचांनी आणखी एक गोष्ट बजावली: "इंजिन बंद करून लावू नका." लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरच्या आसपास असते. पेटी ताशी आठ अँपिअर-अवर खाते. दोन तासांत निम्मी बॅटरी उतरली की गाडी सुरू होईलच याचा भरवसा नाही, आणि अशा बॅटरीला पुन्हापुन्हा एवढं खाली उतरवलं तर तिचं आयुष्यही घटतं. इंजिन चालू असलं की अल्टरनेटर ती भरत राहतो. म्हणून पेटी चालवायची ती गाडी रस्त्यावर असताना. इमारतीखालच्या बंद पार्किंगमध्ये, किंवा काचा लावून झोपलेलो असताना, इंजिन चालू ठेवून बसायचं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

कच्च्या तांदळाची परीक्षा मी कल्याणला नणंदेकडे जाताना घेतली. वाटीभर भिजवलेला आंबेमोहर, दुप्पट पाणी, वर फॉइल घट्ट दाबलेलं. सायनला प्लग लावला. मुलुंड येईस्तोवर फॉइल गरम झालं, पण ताणलेलं नव्हतं. कल्याणला चेन उघडून फॉइलचा कोपरा उचलला तर आतून पाण्याचे थेंब सटासट ट्रेमध्ये पडले. तळाचा थर मऊ झाला होता, अगदी पेजेसारखा. मधला फुगला होता, पण दाताखाली कणी लागत होती. वरचे दाणे पांढरेफटक, टणक. एकाच ट्रेमध्ये भाताच्या तीन अवस्था होत्या, आणि त्यांनी मला माहितीपत्रकापेक्षा जास्त शिकवलं. उष्णता फक्त खालून येते, हळू येते, आणि जाड थरातून वर चढायला तिला फार वेळ लागतो. म्हणजे थर पातळ हवा, झाकण घट्ट हवं, आणि पदार्थ आधीच निम्म्याहून अधिक तयार हवा.

हे तत्त्व आपल्याकडे जुनंच आहे. बंगालमधल्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर काढला. एका उभ्या नळकांड्यात एकावर एक डबे आणि तळाशी निखाऱ्यांची छोटी शेगडी. तांदूळ, डाळ, भाजी भरून झाकण लावायचं आणि काही तास विसरून जायचं. प्रवासी लोक तो बरोबर नेत. मंद आच, कोंडलेली वाफ आणि हाताशी भरपूर वेळ, एवढ्यावर त्यात पूर्ण जेवण शिजायचं. आमच्या पेटीत वाफ नीट कोंडत नाही आणि आच त्याहूनही मंद आहे. पण वेळ? कोकणच्या रस्त्यावर वेळेला तोटा नाही.

छोटा गॅस बरोबर घ्यावा असं माझ्या नवऱ्याचं मत होतं. त्याला मी ठाम नाही म्हटलं. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईच्या यार्डात उभ्या असलेल्या पर्यटकांच्या रेल्वे डब्यात नियम मोडून आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ माणसं गेली. तो तर थांबलेला डबा होता. आमची गाडी सीएनजीवर चालते, मागे डिकीत टाकी आहे. तिच्या आत किंवा शेजारी ज्योत पेटवायचा विचारसुद्धा मला सहन होत नाही.

मग काय काय चालतं, ते एकेक करून कळत गेलं. मुगाच्या डाळीची सैल खिचडी घरी शिजवून, फ्रिजमध्ये गार करून, बोटभर जाडीने ट्रेमध्ये पसरली तर दीड तासात छान कढत होते. रव्याचा सांजा चांगला होतो, कारण भाजलेला रवा गरम पाण्यात आपोआप फुगतो. आमटीला मात्र अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे नको; कोकम किंवा चिंच असली की धातूची चव उतरते. तिच्यासाठी सपाट बुडाचा स्टीलचा डबा घेतला. आणि सगळ्यात सुंदर होतात ती रताळी. पातळ चकत्या करायच्या, केळीच्या पानाचा तुकडा पट्टीवर अंथरायचा, त्यावर चकत्या एका थरात, वर तुपाचे चार थेंब आणि दुसरं पान. कच्ची ठेवली तरी शिजतात. तासाभराने पान तपकिरी पडतं, कडा कुरकुरीत होतात आणि गाडीभर जो वास सुटतो, त्याने मागच्या सीटवरची मुलं मोबाइल खाली ठेवतात.

गार केलेलं अन्न गारच न्यायचं, हे डॉक्टर मैत्रिणीने समजावलं. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू वेगाने वाढतात, आणि शिजवून कोमट ठेवलेला भात त्यांना विशेष मानवतो. पेटी इतकी हळू तापते की अन्न सकाळपासून तिच्यात ठेवून अधूनमधून प्लग लावला तर ते तासन्‌तास नेमकं याच कोमट टप्प्यात राहील. म्हणून खिचडीचा ट्रे बर्फाच्या पाकिटांबरोबर वेगळ्या पिशवीत. पेटीत ठेवायचा तो प्लग लावतानाच, आणि मग हात पोळेल इतका गरम होईपर्यंत प्लग काढायचा नाही.

गणपतीला निघालो ते पहाटे. पेणला चहासाठी थांबलो तेव्हा ट्रे पेटीत गेला. पेटी मागच्या सीटच्या पायाशी, दोन बॅगांच्या बेचक्यात घट्ट. मांडीवर नाही, डॅशबोर्डवर तर मुळीच नाही, कारण तिथे एअरबॅग असते. वायर मागपर्यंत पुरेल एवढी लांब होती. इन्सुलिनची थंड पिशवी दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी. वडखळ गेलं, नागोठणं गेलं. कोलाडच्या पुढे मी प्लग चाचपला. मधलं टोक तापलं होतं, पण प्लॅस्टिक मऊ पडलं नव्हतं. सॉकेटात सैल बसलेला प्लग फार तापतो, म्हणून हे मधूनमधून बघावं लागतं. इंदापूरला रांग लागली. पुढे गाड्यांचे लाल दिवे, डोक्यावर पाऊस, आणि सासूबाई विचारतात, "पोळीभाजीचा डबा तरी काढतेस का गं?"

"आई, माणगावला गरम देते. तोवर दोन बिस्किटं खा."

माणगावच्या अलीकडे पेट्रोल पंपाच्या आडोशाला गाडी घेतली. चेन उघडली तशी काचांवर वाफ धरली. फॉइल टम्म फुगलं होतं. खिचडीच्या कडेने तूप बुडबुडत होतं, आणि चमचा तळाशी घातला तर किंचित खरपूस लागली होती, घरच्या पातेल्याच्या बुडाला लागते तशी. ताट हातात दिलं, घास तोंडात जाईल याची खात्री केली आणि मगच आईंनी इन्सुलिन टोचून घेतलं. हा क्रम आमच्या डॉक्टरांनीच घालून दिला आहे, आणि रस्त्यावर तो फार महत्त्वाचा आहे. आधी टोचलं आणि पेटी मधेच बंद पडली तर साखर झपाट्याने उतरू शकते. त्यांनी पूर्ण वाढलेलं संपवलं. कशेडी ओलांडेपर्यंत त्यांना शांत झोप लागली होती.

आता आम्ही रस्ता गावांनी मोजतो. पेणला लावलं तर माणगावला जेवण, महाडला लावलं तर खेडला. चौघांचं एकदम होत नाही. आईंचं आणि मुलांचं आधी, आमचं पुढच्या टप्प्यावर. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं चित्र वेगळं आहे. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीतून २०२३ पासून घरगुती उपकरणाला वीज घेता येते, आणि तिथे इंडक्शनसुद्धा चालेल. पण आपल्या बहुतेकांच्या गाडीत अजून ते एक गोल भोकच आहे.

तुम्ही ही पेटी घेणार असाल तर खोक्यावरचं चित्र बघू नका, वॅटचा आकडा शोधा. तो छापलेलाच नसेल तर घेऊ नका. तुमच्या सॉकेटचा फ्यूज १० अँपिअरचा असेल तर १०० वॅटच्या वर जाऊ नका. कुणा ट्रकवाल्या भावाला भेट देणार असाल तर आधी त्याच्या गाडीचे व्होल्ट विचारा. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात, आणि १२ ची पेटी तिथे लावली तर दुप्पट करंट, चौपट उष्णता होऊन जळते. त्याच्यासाठी २४ व्होल्टचीच मागवा.