मोजून हवा, मोजून पाणी

आमच्या गाडीची हवा गेली नव्हती. हवा किती येतेय, तेच तिला कळेनासं झालं होतं. हे वाक्य मी गेल्या महिन्यात निदान दहा नातेवाइकांना फोनवर सांगितलं आणि दहाही जण म्हणाले, "मग पंक्चरवाल्याकडे न्यायची ना!" म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

अण्णांचं डायलिसिस बारामतीला चालू आहे हे घरच्यांना माहीतच आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. इंदापूरहून पहाटे निघायचं, पन्नासेक किलोमीटर जायचं, चार तास त्यांनी मशीनवर, मी बाहेरच्या बाकावर, आणि दुपारी परत. जाताना एसटी एक वेळ चालेल, पण येताना त्यांच्या पायात त्राण नसतं. त्यामुळे गाडी ही आमच्याकडे हौसेची वस्तू उरलेली नाही.

आणि या गाडीनं ऐन उसाच्या हंगामात मान टाकायला सुरुवात केली. निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे, बेलवाडी, सणसर... हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. पण हंगामात या भागात पालखी असते ती उसाची. पुढे जोड ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, वर पाचटाचे भारे, मागे दिवा असलाच तर नशीब. ओव्हरटेक करायला पाय दाबावा तर गाडी ढिम्म. धूर नाही, ठोका नाही, नुसता दम नाही. अर्ध्यात पोचल्यावर समोरून ट्रक दिसावा आणि गाडीनं विचार करत बसावं, हे शेजारी आजारी माणूस बसलेला असताना फार वाईट वाटतं.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि टर्बो बदलायला सांगितला. आकडा ऐकून मी "विचार करून सांगतो" म्हणालो आणि घरी आलो.

अण्णा म्हणाले, "टर्बो-बिर्बो मला कळत न्हाई. पण ही उपाशी नाय, हिला जेवायला कुणी वाढंना, आसा आवाज हाय."

आता अण्णांच्या कानाबद्दल सांगायला हवं. उजनीच्या फुगवट्यावर आमचं रान. तिथं त्यांनी आयुष्याची वीसेक वर्षं डिझेल इंजिनावर पाणी उपसलंय. हँडल मारून सुरू करायचं ते किर्लोस्करचं इंजिन. त्याला सेन्सर नावाची गोष्टच नव्हती. नोझल गळतंय की एअर फिल्टर तुंबलाय, हे ते बांधावर उभं राहून सांगायचे. आम्ही मुलं शाळेला निघालेलो असायचो, आणि ते चहाचा कप तसाच ठेवून रानाकडे कान लावून बसायचे. त्यामुळे "वाढंना" हा शब्द मी हसण्यावारी नेला नाही.

मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर माझ्याकडे होता. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला. कोड आला पी ०१०१. म्हणजे हवा मोजणारा सेन्सर जे सांगतोय ते इंजिनाच्या बाकीच्या हिशोबाशी जुळत नाही.

हा सेन्सर कसा चालतो ते मात्र मला फार आवडलं, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. :-) आपण चहाच्या बशीवर फुंकर मारतो तेव्हा चहा निवतो. जोरात फुंकर, लवकर निवणार. बस, एवढंच. एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत एक बारीक तार किंवा पातळ पापुद्रा विजेनं तापवून ठेवलेला असतो, आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम. हवा त्याला निववत जाते आणि तो तेवढाच गरम राहावा म्हणून वीज वाढवावी लागते. किती वीज लागली त्यावरून किती हवा गेली ते कळतं. तारेवरच्या वाऱ्याचं हे गणित एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्ये मांडलं, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते मोटारींच्या इंजिनात आलं.

आमचं इंजिन दीड लिटरचं. दोन हजार फेऱ्यांवर ते मिनिटाला दीड हजार लिटर हवा ओढतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दीड टाक्या, दर मिनिटाला! वजनात म्हणाल तर दीड किलोच्या आसपास, आणि टर्बोनं दाबली की आणखी. डिझेल गाडीचा कॉम्प्युटर या वजनावर दोन गोष्टी ठरवतो. धुराड्यातली किती हवा पुन्हा आत फिरवायची, आणि काळा धूर न होता जास्तीत जास्त किती डिझेल सोडता येईल. सेन्सरनं "हवा कमीय" असं खोटंच सांगितलं, तर कॉम्प्युटर इमानदारीत डिझेलही कमी सोडतो. टर्बो बिचारा ठणठणीत. वाढपीच हात आखडता घेतोय. अण्णांचा शब्द अगदी बरोबर होता!

हे त्यांना समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी मला पाणी मोजून, हिला हवा मोजून."

त्यांना दिवसाचं पाणी ठरवून दिलंय, चहासकट. आई तांब्यावर खूण करून ठेवते. मशीनवर घ्यायच्या आधी वजन, उतरल्यावर वजन. दोन वारांच्या मध्ये जेवढं वाढलं तेवढं पाणी काढायचं. काटा चुकला तर जास्त निघतं, मग रक्तदाब खाली येतो आणि पायात गोळे. त्यामुळे चुकीच्या मापानं काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी काही बोललो नाही.

खात्री करायला सेन्सरचं कपलर काढून एक चक्कर मारली. कपलर काढलं की कॉम्प्युटर साठवलेल्या अंदाजावर चालतो. चेकचा दिवा लागला, पण गाडी पळाली! (सगळ्या गाड्यांत असं होत नाही. आणि पुष्कळ छोट्या पेट्रोल गाड्यांत हा सेन्सरच नसतो, त्या नळीतल्या दाबावर काम भागवतात. तेव्हा आधी बघा, मग पाना उचला.)

आधी पूस करून पाहिली. त्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो, कार्बोरेटरचा चालत नाही. बोट लावायचं नाही, कापूस नाही, कंप्रेसरची हवा तर अजिबात मारायची नाही. पूर्ण वाळू द्यायचं. आठवडाभर बरी चालली आणि पुन्हा तेच. मग नवा मागवला, जुन्यावरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळवून. साडेचार हजार रुपये. यात नकली माल फार असतो म्हणे, म्हणून बिलासकट घेतला.

मंगळवारी दुपारी अंगणात काम काढलं. अण्णा खुर्ची टाकून समोर. काम खरं तर पंधरा मिनिटांचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, कपलरची खिट्टी दाबून सोडवलं, दोन स्क्रू. हे स्क्रू ताऱ्याच्या खाचेचे असतात, त्याचा बिट गल्लीतल्या फिटरकडून आणला. नवा बसवताना त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा, आणि रबरी रिंग चिमटता कामा नये. वेळ गेला तो फिल्टरच्या डब्यात. झाकण उघडलं तर तळाला बोटभर फुफाटा आणि चक्क पाचटाचे तुकडे. नवा सेन्सर आणि जुना फिल्टर हे अण्णांना मंजूर नव्हतं. "आदी घर झाड, मग पावना बसव." डबा पुसायचं काम त्यांनी स्वतः मागून घेतलं. डाव्या हाताला फिस्टुला, त्या हातानं जोर लावायचा नाही, म्हणून उजव्यानंच. अर्धा तास पुसत होते. आईनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही.

नवा फिल्टर घातला, वायर जोडली, कोड पुसला. सुरू करून पाय दाबला तसा मोबाइलवरचा आकडा टुणकन वर गेला. आधी तो रेंगाळायचा. मी मोबाइल अण्णांना दाखवायला वळलो, तर त्यांचे डोळे मिटलेले. ऐकत होते.

"परत दाब," म्हणाले. दाबला. "हं."

बुधवारी पहाटे साडेपाचला निघालो. लासुर्ण्याच्या पुढे दोन जोड ट्रॉल्या एकामागोमाग. रस्ता मोकळा बघून काढली, एका दमात दोन्हींच्या पुढे. अण्णांनी खिडकीची काच वर केली आणि विचारलं, आजचं वजन किती भरंल रं? मी म्हटलं, काल ताक किती प्यालात ते खरं सांगा आधी. भवानीनगरच्या कारखान्याची चिमणी दिसेपर्यंत ते हिशोब करत होते.