पेटीतील रुपये

चंद्रपूर शहराभोवती गोंड राजांनी बांधलेला दगडी परकोट आजही उभा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या त्याच्या चार वेशी. अंचलेश्वर वेशीच्या आतल्या अंगाला, एका जुन्या कौलारू घरात, टपालखात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ राहतात. घरातील मुले त्यांना आबाजी म्हणतात. आणि घरातील मुलांचे ऐकून सारी आळीही त्यांना आबाजीच म्हणते.

आबाजींची राहणी अगदी साधी. दोन धोतरे, दोन सदरे, एक छत्री आणि एक चष्मा एवढाच त्यांचा संसार. विड्याचा नाद नाही की चहाचे फारसे वेड नाही. परंतु एक छंद मात्र त्यांनी आयुष्यभर जोपासला. त्यांच्या खोलीत एक सागवानी पेटी आहे. रविवारी सकाळी स्नान आटोपले, की आबाजी ती पेटी उघडतात. आत मखमलीचे अस्तर लावलेल्या लहान लहान डब्या असतात. एकेक डबी उघडली, की आतून चांदीचे एकेक नाणे चमकू लागते. ही नाणी बाजारातून फिरून आलेली नव्हेत. शासनाच्या टांकसाळीने एखाद्या थोर पुरुषाच्या किंवा मोठ्या घटनेच्या स्मरणार्थ पाडलेली ती स्मारक नाणी होत.

एका रविवारी त्यांचा बारा वर्षांचा धाकटा नातू त्यांच्याजवळ येऊन बसला. त्याने एका नाण्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "आबाजी, यावर तर शंभर रुपये असे लिहिले आहे. मग तुम्ही ते कितीतरी अधिक पैसे देऊन का घेतले? आणि घेतलेत, तर बाजारात खर्च का करीत नाही?"

प्रश्न अगदी रास्त होता. ज्या नाण्याने भाजी आणावयाची नाही, त्याला नाणे तरी का म्हणावे?

आबाजी हसले. त्यांनी ते नाणे कडेने अलगद उचलले. नाण्याच्या तोंडावर बोट लावावयाचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. कारण बोटाचा घाम चांदीवर डाग पाडतो. "हे बघ," ते म्हणाले, "याचे वजन पस्तीस ग्रॅम आहे आणि रुंदी चव्वेचाळीस मिलिमीटर. यात निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबे आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त आहे. म्हणजे चांदी किती झाली?"

नातवाने मनाशी हिशेब केला. "साडेसतरा ग्रॅम."

"बरोबर. आता याच्या कडेवरून नख फिरव. दाते लागतात ना? ते दोनशे आहेत. पूर्वी लबाड लोक चांदीच्या नाण्याची कड हळूच तासून घेत आणि नाणे पुन्हा बाजारात चालवीत. दाते असले, की तासलेले नाणे लगेच ओळखू येते. आज या नाण्याची कड कोणी तासणार नाही. पण दाते राहिले आहेत."

मग आबाजींनी त्याला नाणे पाडण्याची रीत समजावून सांगितली. संग्राहकांसाठी टांकसाळ दोन प्रकारचे संच तयार करते. एकाला प्रूफ संच म्हणतात, तर दुसऱ्याला अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेल्या नाण्यांचा संच. प्रूफ नाण्यासाठी ठसा आणि धातूची चकती ही दोन्ही घासूनपुसून लखलखीत करतात आणि चकतीवर एकाहून अधिक वेळा दाब देतात. त्यामुळे पृष्ठभाग आरशासारखा दिसतो आणि त्यावरील चित्र धुक्यासारखे पांढुरके उठते. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार ठिकाणी आपल्या टांकसाळी आहेत. मुंबईच्या नाण्यांवर वर्षाच्या खाली बहुधा लहानसा चौकट-हिरा असतो, हैदराबादच्या नाण्यांवर तारा, तर नोएडाच्या नाण्यांवर ठिपका असतो. कोलकात्याच्या नाण्यावर काहीच खूण नसते. जाणकार माणूस ही बारीक खूण पाहून नाण्याचे गाव सांगतो, जसा एखादा टपालवाला शिक्का पाहून पत्राचे गाव सांगतो.

संग्राहक हे संच का घेतात, या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. कोणाला कारागिरीचे वेड असते. कोणाला मालिका पुरी करण्याची हौस असते. मधले एक नाणे नसले, की त्यांना पडलेल्या दातासारखी ती जागा सलत राहते. कोणी असा हिशेब करतात, की संच थोडेच निघतात, तेव्हा पुढे त्यांची किंमत वाढेल. हा हिशेब कधी खरा ठरतो, कधी साफ चुकतो. कारण वस्तू दुर्मीळ असून भागत नाही, ती हवी असणारा दुसरा माणूसही असावा लागतो. परंतु पुष्कळांच्या मनात या सर्वांहून निराळे असे एक कारण असते. ते कारण म्हणजे आठवण.

स्वतंत्र भारताने पहिले स्मारक नाणे १९६४ साली काढले; ते पंडित जवाहरलाल नेहरूंच्या स्मरणार्थ होते आणि निकेलचे होते. १९६९ साली महात्मा गांधींची जन्मशताब्दी आली, तेव्हा दहा रुपयांचे चांदीचे नाणे निघाले. त्याचे वजन पंधरा ग्रॅम असून त्यात ऐंशी टक्के चांदी होती. १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने पुन्हा दहा रुपयांचे चांदीचे नाणे आले. पुढे ही परंपरा वाढतच गेली. २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एकशे पंचविसाव्या जयंतीनिमित्त एकशे पंचवीस रुपयांचे नाणे निघाले. असले नाणे दुकानदाराने कोणत्या गल्ल्यात टाकावे? ते गल्ल्यासाठी नव्हतेच. ज्या शहरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या चंद्रपुरात ते नाणे हातात घेताना वृद्ध माणसांचे डोळे पाणावले, तर नवल नाही. २०२३ साली व्याघ्र प्रकल्पाला पन्नास वर्षे पूर्ण झाली, तेव्हा पन्नास रुपयांचे नाणे निघाले. ताडोबाचे अरण्य १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला या नाण्याचे अगत्य वाटावे, हेही स्वाभाविकच होय.

नाण्यावर आठवण कोरण्याची ही रीत आजची नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उठविलेला होता. पराभूत राजाचे नाणे त्याने आटविले नाही. त्याच्याच मुखावर आपल्या विजयाची मोहर मारली. आणि खुद्द ब्रह्मपुरीच्या भूमीतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सातवाहनांच्या नाण्यांचा एक साठा मिळाला. ती नाणी चांदीची नव्हती, हलक्या मिश्रधातूची होती. कोणी तरी आपली पुंजी जमिनीत पुरून ठेवली आणि तिच्याकडे तो पुन्हा परतला नाही. त्याचे नाव आज कोणास ठाऊक नाही. परंतु त्याच्या पुंजीमुळे राजांची नावे आपणांस कळली.

"म्हणजे तुम्हीही राजांची नावे राहावीत म्हणून नाणी जमवता का, आबाजी?" नातवाने विचारले.

आबाजी क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी पेटीच्या तळाशी हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू बाहेर काढली. तो एक काळवंडलेला राणीछाप रुपया होता. त्याच्या कडेवर डाख दिल्याची खूण होती. कधी काळी तेथे एक कडी बसविलेली होती.

आबाजींचा जन्म ब्रह्मपुरीजवळच्या एका खेड्यातला. वैनगंगेच्या काठचा तो मुलूख धानाचा. त्यांच्या आईच्या गळ्यात राणीछाप रुपयांची एक माळ होती. प्रत्येक रुपया एक तोळा वजनाचा; त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. सणासुदीला माळ घालून ती अंगणात वावरू लागली, की रुपये एकमेकांवर आपटून खणखणत आणि तो नाद घरभर ऐकू येई. एका वर्षी पाऊस वेळेवर आला नाही आणि धान करपले. त्याच वर्षी मुलाला पुढच्या शिक्षणासाठी ब्रह्मपुरीला पाठवावयाचे होते. आई माळ घेऊन सोनाराकडे गेली. सोनाराने ती तोलली, भाव सांगितला आणि एकेक रुपया मुशीत घातला. मुलगा शेजारी उभा राहून पाहत होता. राणीचा मुखवटा वितळला, अक्षरे वितळली, साल वितळले. शेवटी उरला तो केवळ चांदीचा पांढरा गोळा. आईने एक रुपया मात्र मागे ठेवला. घरी येताना ती एवढेच म्हणाली, "चांदी पुन्हा मिळते रे, वर्ष पुन्हा मिळत नाही."

तो मुलगा शिकला, टपालखात्यात लागला आणि पुढे आबाजी झाला. पगारातून जेव्हा जेव्हा शिल्लक उरली, तेव्हा तेव्हा त्यांनी टांकसाळीकडे अर्ज पाठविला, पैसे भरले आणि टपालाने येणाऱ्या संचाची महिनोन्‌महिने वाट पाहिली. आईच्या गळ्यातले रुपये परत आणणे त्यांच्या हाती नव्हते. परंतु ज्या चांदीवर मुखवटा आहे, साल आहे, आठवण आहे, ती चांदी आपल्या घरी मुशीत जाऊ द्यावयाची नाही, असे त्यांनी मनाशी ठरविले होते.

ही हकीकत ऐकून नातू गप्प झाला. पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही.

त्याच उन्हाळ्यात घरात एक अडचण उभी राहिली. थोरल्या नातीला नागपूरला परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. शुल्क भरण्यास थोडेच दिवस उरले होते आणि रक्कम पुरी पडत नव्हती. घरातील मोठी माणसे हळू आवाजात बोलत, बोलता बोलता थांबत. आबाजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सागवानी पेटी काखोटीला मारली, नातवाचा हात धरला आणि ते जुन्या नाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेले.

व्यापाऱ्याने भिंगातून एकेक नाणे पाहिले. काही संचांना त्याने खरेदीहून कमी किंमत सांगितली, तर काहींना बरीच अधिक. गांधीजींच्या नाण्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला. नातवाच्या छातीत धडधडत होते. त्याने भीतभीत विचारले, "काका, तुम्ही हे आटवणार नाही ना?"

व्यापारी हसला. "नाही रे बाळ. शासनाची नाणी वितळविण्यास २०११ च्या कायद्याने मनाई आहे. आणि कायदा नसता, तरी असे कोण करील? ही नाणी दुसऱ्या एखाद्या पेटीत जातील."

शेवटी फडक्यातला रुपया पुढे आला. व्यापाऱ्याने तो उलटून पाहिला आणि बाजूला सारला. "याला कडी लावलेली होती. डाखाच्या खुणेमुळे संग्राहक असा रुपया पसंत करीत नाहीत. याला चांदीचाच भाव मिळेल."

"तो विकावयाचा नाही," आबाजी म्हणाले, आणि त्यांनी तो पुन्हा फडक्यात गुंडाळला.

परतताना पेटी हलकी झाली होती. नातू ती स्वतः उचलून चालत होता. परकोटाच्या सावलीत दोघे घटकाभर विसावले. नातवाने विचारले, "आबाजी, तुम्हाला वाईट वाटत नाही?"

"वाटते तर," आबाजी म्हणाले. "आयुष्यभर जमविलेली वस्तू देताना वाईट वाटणारच. माझ्या आईलाही वाटले असेल. परंतु तेव्हा मी लहान होतो. तिने काय दिले, ते मला आज कळले."

नात नागपूरला गेली. आबाजींच्या खोलीत पेटी अजूनही आहे. आत मखमलीच्या जागा रिकाम्या आहेत आणि तळाशी एक काळवंडलेला रुपया आहे. रविवारी सकाळी धाकटा नातू आता स्वतः पेटी उघडतो, फडके सोडतो आणि रुपया कडेने अलगद उचलतो. त्याच्या तोंडावर बोट लागू नये, याची तो काळजी घेतो. डाखाच्या खुणेवरून मात्र तो मुद्दाम बोट फिरवितो.