सुप्यात रंगली गोधडी

पुण्याहून नगरकडे (आता अहिल्यानगर) निघालं की शिरूरनंतर आपण नुसता स्पीड वाढवतो. सुपा म्हणजे एमआयडीसी, डोंगरावरच्या पवनचक्क्या आणि फार तर चहाचा ब्रेक. पारनेर तालुक्यातलं हे गाव कुणाच्याच वीकेंड लिस्टवर नसतं. मी तिथे उतरले ती गोधडीसाठी.

हो, गोधडीच! बुटीकमध्ये 'क्विल्ट' म्हणून ऐटीत बसते ना, तीच. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी तर महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर अख्खं पुस्तक केलंय.

एका अंगणात मावशी गोधडी शिवत होत्या. वर-खाली लुगडं, मधे जुनेराचे थर आणि कडेपासून चौकोनी फेऱ्या घेत आत आत जाणारा धावदोरा. किती दिवस लागतात? ''घरच्या कामावर हाये बाई.'' अडचण वेगळीच होती. त्यांच्या गाठोड्यात सुती लुगडं एकच, बाकी सगळ्या सिंथेटिक साड्या. ''सुई सटाकते, अन् अंगाला ऊब लागत न्हाई.''

मला हाताने कापड रंगवायचं वेड आहे. त्यामुळे धोतराचा एक मोठा तुकडा आणि पॉलिस्टर साडीचा एक, दोन्ही घरीच हिरड्याच्या पाण्यात भिजवून, वाळवून, तुरटी लावून नेले होते. सोबत ज्यूसवाल्याकडून आणलेल्या डाळिंबाच्या साली. चुलीवर पातेलं चढलं, शेजारणी जमल्या. तासाभराने दोन्ही तुकडे खळखळून धुतले. धोतर झकास मोहरी रंगाचं! साडीवरचा रंग मात्र पाण्याबरोबर निघून गेला.

कारण साधं आहे. सूत पाणी पितं, हिरडा आणि तुरटी त्यात मुरतात आणि रंगाला धरून ठेवतात. पॉलिस्टर पाणी पीतच नाही. त्याला वेगळे रंग लागतात आणि कारखान्यात ते साधारण 130 अंशांवर, बंद मशीनमध्ये दाबाखाली चढवतात. चुलीचं ते काम नाही. म्हणजे घरातलं सुती कापड गेलं, की गोधडीची ऊब जाते आणि हा घरगुती रंगही.

मावशींनी धोतर वरच्या थराला घेतलं आणि साडी मधे सरकवली. ''तिथं कोन बघतंय?''

गोधडी शिवून घ्यायची असेल तर घरातल्या जुन्या सुती साड्या, ओढण्या, चादरी सोबत न्या. आणि प्लीज, मॉलमध्ये गपचूप कार्ड स्वाइप करणाऱ्यांनी इथे मजुरीवरून घासाघीस करू नका.