बाहुली मोठी करण्याआधी

नेत्ररोगात एम.एस. करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या तोंडी ‘डीआरपी’ हे नाव बहुधा कुरकुरीच्या सुरात येतं. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम, म्हणजे २०२१ च्या तुकडीपासून लागू झालेली तीन महिन्यांची सक्तीची जिल्हा-नेमणूक. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात ती पुरी केल्याखेरीज शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. मोठ्या कॉलेजचा विभाग, तिथलं ग्रंथालय, ओसीटीचं यंत्र आणि केस मांडण्याचा रोजचा तास सोडून गोंदियासारख्या जिल्ह्यात यायचं. आमगाव, सालेकसा, देवरी अशा तालुक्यांतून आलेल्या रुग्णांची रांग संपवायची. मग अभ्यास कधी करायचा, असा हा सवाल असतो. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की अभ्यास पुस्तकात असतो आणि जिल्ह्यात फक्त काम असतं. मला हे पटत नाही. ग्रामीण सेवेच्या कर्तव्याचा मुद्दा मी इथे काढत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. निव्वळ पास होण्याचा स्वार्थी हिशेब मांडला तरी हे तीन महिने जमेच्या बाजूला पडतात, एवढंच मला म्हणायचं आहे.

त्यासाठी प्रॅक्टिकलमध्ये नेमकं काय तपासलं जातं ते आधी पाहू. थिअरीचे चार पेपर लिहून आलेल्या उमेदवाराला काचबिंदूचे प्रकार येतात की नाही, याची परीक्षकाला फारशी शंका नसते. तो पाहतो ते उमेदवार रुग्णाच्या डोळ्याशी कोणत्या क्रमाने पोहोचतो ते. हा क्रम कॉलेजातल्या रीतीरिवाजाचा भाग वाटतो, पण त्यामागे कडक तर्क आहे: डोळ्याच्या काही तपासण्या पुढच्या तपासणीचा पुरावाच पुसून टाकतात. बुबुळाची संवेदना कापसाच्या टोकाने पाहायची तर ती बधिरतेचा थेंब घालण्याआधी. डोळ्याचा दाब मोजायला तो थेंब एकदा घातला की संवेदनेचा प्रश्न त्या दिवसापुरता मिटला. दोन्ही डोळे मिळून खोली जाणवते का, हे एक डोळा झाकण्याआधी विचारायचं, कारण झाकल्याने दोघांची जुळणी सुटते आणि लपलेला तिरळेपणा वर येतो. बाहुलीच्या प्रतिक्रिया आणि गोनिओस्कोपीने पाहायचा कोन, दोन्ही बाहुली मोठी करण्याआधीच. ट्रॉपिकामाइड पडलं की बाहुली साक्ष देत नाही. हे सगळं कोणत्याही पुस्तकात छापलेलं आहे, आणि परीक्षेच्या दिवशी घाबरलेला माणूस छापलेलं नेमकं तेवढंच विसरतो. टिकतं ते हाताला लागलेलं वळण. प्रश्न एवढाच, की हे वळण कुठे लागतं.

मोठ्या विभागात ते लागणं अवघड असतं, आणि याला तिथली सोयच कारणीभूत आहे. रुग्ण निवासी डॉक्टरासमोर येतो तोवर दृष्टी कुणीतरी मोजलेली असते, दाब दुसऱ्याने पाहिलेला असतो, बाहुली मोठी झालेली असते आणि केसपेपरवर निदान लिहिलेलं असतं. विद्यार्थी पाहतो ते आधीच नाव मिळालेला डोळा. तालुक्यातला रुग्ण कोरा येतो. त्याच्याकडे कागद असला तर चष्म्याच्या दुकानाचा. सीमेपलीकडच्या लांजीकडून येणारा हिंदी बोलतो, पोवार घरातली आजी पोवारीत सांगते, आणि ‘दिसत नाही’ यापुढची हकीकत विचारून विचारून काढावी लागते: एकदम गेलं की हळूहळू, दुखून गेलं की न दुखता, रात्री जास्त की उन्हात. लाँग केसमधली हकीकत हीच असते, आणि तिथेही रुग्ण कागद घेऊन येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: जिल्ह्यात बघायला मिळतं काय, तर मोतीबिंदू, मोतीबिंदू आणि मोतीबिंदू. आकडेवारीही तसंच म्हणते. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के निघाला. पण त्याच यादीत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीमुळे आलेलं अंधत्व ७.२ टक्के आहे, काचबिंदूच्या ५.५ टक्क्यांहून जास्त. म्हणजे ज्याला आपण सोपी केस म्हणून हसतो, तिथेच डोळे जातात. परीक्षक हे ओळखून असतो. पूर्ण पिकलेला पांढरा मोतीबिंदू समोर ठेवून तो एवढंच विचारतो, ‘शस्त्रक्रियेनंतर याला दिसेल का?’ मागचा पडदा दिसत नाही, मग उत्तर कशावरून द्यायचं? प्रकाश कळतो का, चारही दिशांनी तो कुठून येतो हे सांगता येतं का, आणि बाहुली काय म्हणते, यावरून. मोतीबिंदू कितीही दाट झाला तरी त्या डोळ्यात आरएपीडी, म्हणजे बाहुलीचा सापेक्ष दोष, निर्माण करत नाही. तो दिसला तर मोतीबिंदूमागे दृष्टिपटल किंवा नस आजारी आहे असं धरून चालावं, आणि नातेवाइकांना आशा बेताने द्यावी. शहरात असे पांढरे मोतीबिंदू आता तुलनेने कमी येतात, कारण लोक धूसर दिसू लागताच शस्त्रक्रिया करून घेतात. धानाचा हंगाम उरकल्यावर जमेल तेव्हा दवाखान्यात येणाऱ्या माणसाचा मोतीबिंदू मात्र पुष्कळदा पिकलेलाच असतो. टॉर्च डोळ्यांवरून आलटून पालटून फिरवायची सवय करायची तर इतके रुग्ण दुसरीकडे मिळायचे नाहीत.

धानाचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबतो. कापणी-मळणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ किंवा तूस जातं, पातीची धार बुबुळाला घासते, आणि आठवड्याभरात डोळा लाल होऊन मध्ये पांढरा डाग दिसू लागतो. अशी जखम झाली की बुरशीचा अल्सर मनात आधी यायला हवा. कडा पिसासारख्या विस्कटलेल्या, पृष्ठभाग कोरडा आणि उचललेला, मुख्य डागाशेजारी छोटे उपडाग, खाली पुवाची पातळी. डाग खरवडून केओएच लावायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू शोधायचे. एवढी सोय लहान प्रयोगशाळेतही करता येते. उपचारात नॅटामायसिन पुढे का, याचा पुरावाही आपल्याच देशातला आहे: दक्षिण भारतातल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युसेरियमवर. पुस्तक वाचणाऱ्याला ही लक्षणं पाठ असतात. पण दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब चार दिवस घातलेला अल्सर पुस्तकातल्या फोटोसारखा दिसत नाही. लाली उतरलेली असते, रुग्ण ‘बरं वाटतंय’ म्हणतो आणि बुबुळ आतून विरघळत असतं. शॉर्ट केसमध्ये ‘थेंब कोणते घातले, बाटली दाखवा’ असं रुग्णाला विचारणारा उमेदवार परीक्षकाला लगेच वेगळा दिसतो.

सिकलसेल हा तर या भागाचा स्वतःचा विषय. पूर्व विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे. जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान शेजारच्या मध्य प्रदेशातूनच, शहडोलहून, सुरू झालं. इंग्रजी पुस्तकं सांगतात की दृष्टिपटलावर नव्या रक्तवाहिन्यांचे पंखे उगवतात ते एसएस रुग्णांपेक्षा एससी रुग्णांत अधिक. विधान खरं आहे, पण ते ज्या लोकसंख्येवरून आलं तिथे पश्चिम आफ्रिकेतलं हिमोग्लोबिन सी आढळतं. आपल्याकडे ते दुर्मीळ. इथला रुग्ण बहुधा एसएस किंवा वाहक असतो, आणि आपल्याकडच्या पुष्कळ रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त राहत असल्याने आजाराचं रूपही वेगळं असतं. व्हायवात गोल्डबर्गच्या पाच पायऱ्या सगळेच म्हणतात. आपल्या जिल्ह्याची गोष्ट सांगता येणारे थोडे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न चेंडू लागून डोळ्यात रक्त साचलेल्या मुलाचा. एरवी निरोगी मानला जाणारा वाहकही इथे धोक्यात असतो: विळ्यासारख्या झालेल्या कडक पेशी डोळ्याच्या गाळणीतून बाहेर पडत नाहीत, दाब चढतो, आणि इतरांची नस जो दाब सोसते तो याची नस सोसत नाही. त्यात दाब उतरवायला सवयीने अ‍ॅसिटॅझोलामाइड दिलं तर रक्तातली आम्लता वाढून पेशी आणखी वाकतात. आमगावच्या मुलाच्या डोळ्यात रक्त दिसलं की सिकलसेलची चाचणी आधी, गोळी नंतर. हे उत्तर ज्याला प्रत्यक्ष रुग्णापुढे एकदा द्यावं लागलं, तो ते परीक्षेत विसरणार नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र गर्दीचा आहे, आणि तो मला झटकून टाकता येत नाही. शंभर रुग्णांच्या रांगेत हाताला वळण लागतं खरं, पण ते घाईचंही असू शकतं. टॉर्च एका डोळ्यावर मारायची, ‘मोतीबिंदू, रेफर’ लिहायचं, पुढचा. तीन महिने असं केलं तर उमेदवार गेला होता त्यापेक्षा वाईट होऊन परतेल. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो अपुरा आहे: रांग रांगेसारखी संपवावी, पण रोज एक रुग्ण निवडून त्याची तपासणी परीक्षेत करावी तशी, एकही पायरी न गाळता करावी, निष्कर्ष निदानाआधी लिहावेत आणि मग कुणाला तरी मोठ्याने सांगावेत. ऐकणारा प्राध्यापकच हवा असं नाही. ग्रामीण रुग्णालयातले नेत्र चिकित्सा अधिकारी वर्षानुवर्षं चष्म्याचे नंबर काढत आलेले असतात. रेटिनोस्कोपीत ६६ सेंटिमीटर अंतराचा दीड डायऑप्टर वजा करायला विसरलात तर ते ताबडतोब पकडतील. वर्णन करताना नाव ओठांवर येतं ते दाबून ठेवणं ही या सरावातली खरी मेहनत. ‘काचबिंदू दिसतो’ म्हणण्याऐवजी नसेच्या वाटीचं प्रमाण, कडेचा कुठला भाग पातळ, रक्तवाहिनी कुठे वाकते, हे आधी सांगायचं.

ओसीटी नाही, फील्डचं यंत्र नाही, ही तक्रार मला त्यामानाने हलकी वाटते. लाँग केसच्या टेबलावर ती यंत्रं नसतातच. रिपोर्ट हातात मिळाला तरी आधी हाताने काय सापडलं ते सांगावं लागतं. समोरासमोर बसून बोटांनी फील्ड घेणं, लाल टोपणाचा रंग दोन्ही डोळ्यांना सारखा दिसतो का विचारणं, उलटी दिसणारी प्रतिमा मनात सरळ करून फंडसचं चित्र काढणं, यांना वीसचं भिंग, टॉर्च आणि रंगीत पेन्सिली पुरतात. निखळलेलं दृष्टिपटल निळं, जागेवर असलेलं लाल, पारदर्शक भागातला गढूळपणा हिरवा.

आमगावात सगळं मिळेल असं मात्र म्हणता येणार नाही. डोळ्याच्या खोबणीतल्या गाठी, लहान मुलांतला रेटिनोब्लास्टोमा, पॅथॉलॉजीचे नमुने, काचपट्ट्या यांसाठी मोठ्या विभागाला पर्याय नाही, आणि थिअरीच्या चार पेपरांना जागरणं करावीच लागतात. म्हणून नेमणूक कोणत्या सत्रात मागायची याला महत्त्व आहे. माझं मत पाचव्याच्या बाजूने पडतं: तोवर दुर्मीळ आजार बघून झालेले असतात, वाचन निम्म्याहून पुढे गेलेलं असतं, आणि परीक्षा इतकी जवळ असते की कोऱ्या रुग्णाची किंमत कळते. विभागप्रमुखांना वेळापत्रक जुळवायला हे अडचणीचं जातं, कारण सगळ्यांना एकाच वेळी सोडता येत नाही. चौथं सत्र वाट्याला आलं तर निदान महिने विचारून घ्यावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळाले तर धानाच्या जखमा बघायला मिळतील, आणि मळणी उरकली की मोतीबिंदूची शिबिरं सुरू होतात.