सावलीचें दान

शहाद्यालगतच्या लोणखेड्यास वसतीमधील मोकळ्या जागेंत झाडें लावण्याचें कांहीं वर्षांपूर्वीं ठरलें, तेव्हां वर्गणीबरोबर मतेंहि पुष्कळ जमलीं. आम्ही गुलमोहराच्या बाजूचे होतों. तो झपाट्यानें वाढतो, फुललेला डोळ्यांत भरतो. एवढ्यावर आमचें म्हणणें मान्य झालें. आमच्या मातोश्री मात्र म्हणाल्या, "अरे, झाड बघायला लावतोस कीं बसायला?" वयाचा मान राखून आम्हीं उत्तर दिलें नाहीं, पण ऐकलेंहि नाहीं.

गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. तापीच्या खोऱ्यांत चैत्राची काहिली सुरू होते, त्याच सुमारास तो निष्पर्ण उभा असतो. शिवाय मुळें उथळ आणि लांकूड ठिसूळ. एका वळवाच्या वादळांत त्याची मोठी फांदी खालच्या बांकावर कोसळली. दैव एवढेंच कीं, उन्हामुळें तेथें कोणी बसतच नसे!

त्यानंतर आम्ही झाडांची चौकशी अधिक साक्षेपानें करूं लागलों. बारमास हिरवें दिसतें म्हणून कोनोकार्पस अनेक शहरांतून लावला गेला. परंतु त्याच्या परागांनीं श्वासाचे विकार बळावतात व मुळें जमिनींतील नळांना उपद्रव देतात, या कारणास्तव शेजारच्या गुजरात राज्यानें २०२३ सालीं त्याच्या लागवडीस मनाई केली. उलट, आपला निंब शिशिरांत पानें टाकतो, पण ऊन तापण्यापूर्वीं नव्या पालवीनें भरून येतो. करंजाची छायाहि दाट. वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर पांखरें जगतात. मात्र त्यांना ऐसपैस जागा हवी, भिंतीलगत वा गटाराकांठीं ते लावूं नयेत. रंगाची हौस असेल तर कडेला बहावा लावावा. वैशाखांत तो पिवळ्या घोंसांनीं लवतो. जागा, पाणी व माथ्यावरील तारा पाहूनच निवड करावी.

गुलमोहराच्या शेजारीं आम्हीं निंब लावला आणि दोन उन्हाळे घागरीनें पाणी घातलें. आतां दुपारीं तेथें शाळेचीं मुलें व बाजारास आलेल्या बाया विसावतात. मातोश्री ती सावली पाहावयास राहिल्या नाहींत. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं उशिरां दिलें. आमच्या वाचकांनीं तें रोप लावण्यापूर्वींच द्यावें, एवढेंच सांगणें आहे.