उपप्रश्न

तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला. अमुक गावची नळपाणी योजना बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचाही साचा ठरलेला. वर 'हे अंशतः खरे आहे' आणि खाली 'प्रश्न उद्भवत नाही'. नवा आमदार यावर भडकतो, कागद फडकावतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. विभाग मात्र सुटतो, कारण कागद फडकवण्याच्या नादात उपप्रश्न राहून जातो.

उपप्रश्न कसा विचारायचा, हे मी लोकलेखा समितीत शिकलो. तिथे मंत्री सदस्य नसतात, प्रेक्षक गॅलरी नसते. कॅगच्या अहवालातला एकेक परिच्छेद काढून विभागाच्या सचिवांची साक्ष घ्यायची. अध्यक्ष विरोधी पक्षाचा असावा, हा संकेत. लोकसभेत १९६७ साली मिनू मसानींपासून तो सुरू झाला. पण सदस्य संख्याबळाप्रमाणे येतात, म्हणजे बहुमत सत्ताधाऱ्यांचंच. ते उठून गेले तर अध्यक्षाने काय करावं? २०११ साली टू-जीच्या वेळी मुरली मनोहर जोशींच्या मसुद्यावरून संसदेची समिती उघड दुभंगली आणि अहवाल वादातच अडकला. सचिव मंडळींना ही फट बरोबर दिसते. साक्षीला बसताना ते आधी कोण कुणाशी बोलतंय ते पाहतात.

आमच्या समितीत शेजारच्या मतदारसंघातले एक सत्ताधारी आमदार होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. गावाकडे आमचे कार्यकर्ते एकमेकांचे बॅनर फाडत असत. नागपूरच्या अधिवेशनात मात्र रात्री आमदार निवासात तात्यांच्या खोलीवर आम्ही परिच्छेद वाटून घ्यायचो. एकदा ते म्हणाले, "हा तू नको विचारूस. तू विचारलास की ते राजकारण होतं. मी विचारला की हिशोब होतो." संसदीय कामकाजावरची जाडजूड पुस्तकं मी पुढे वाचली, पण याहून उपयोगी वाक्य त्यांत सापडलं नाही.

तो परिच्छेद रुग्णालयांच्या यंत्रसामग्रीचा होता. बिल ३१ मार्चचं, उपयोगिता प्रमाणपत्र जोडलेलं, निधी पूर्ण खर्च. कागदावर कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. दौऱ्यात आम्ही गोदाम उघडायला लावलं. खोकी थप्पीने रचलेली, पट्ट्या न कापलेल्या, आणि एका खोक्यावर वाहतूकदाराची चिठ्ठी चिकटलेली, तारीख जूनची. अधिकाऱ्याने सवयीने माझ्याकडे पाहिलं. हल्ला माझ्याकडून होईल, अशी त्याची तयारी होती. मी गप्प. तात्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, जूनमध्ये आलेलं यंत्र मार्चमध्ये वापरलं कसं, तेवढं सांगा. मग जेवायला जाऊ." जेवण त्या दिवशी बरंच लांबलं.

आपल्याच सरकारला विचारण्याची परंपरा या देशात जुनी आहे. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या कंपन्यांत पैसा कसा गुंतवला, हे लोकसभेत लावून धरणारे फिरोज गांधी काँग्रेसचेच होते. न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि १९५८ साली अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं.

मतदारसंघात लोक म्हणतात, "वरून भांडतात, आतून सगळे एकच." हा संशय अगदीच खोटा नाही. रात्रीच्या जेवणानंतर सकाळी लक्षवेधी मागे घेतल्याचे प्रकार मीही पाहिलेत. त्या दोस्तीला माझ्या लेखी किंमत नाही. मैत्री मी समितीच्या अहवालावरून ओळखतो. स्वतःच्या सरकारवर ताशेरे असलेल्या मसुद्याला कोण कबूल राहतो, आणि ऐनवेळी कुणाला घरचं लग्न आठवतं, एवढंच पाहायचं.

तात्या कबूल राहिले. अहवाल सभागृहात मांडला गेला, तेव्हा त्यांच्याच मंत्र्यांनी त्यांना दालनात बोलावून जाब विचारला. "गोदामात तुम्ही नव्हतात, मी होतो," एवढं बोलून ते बाहेर आले. पुढच्या फेररचनेत त्यांचं नाव समितीतून गळलं. विधानसभेच्या निवडणुकीत त्यांनी माझ्याविरुद्ध चार सभा ठोकल्या, त्यातली एक माझ्या घरासमोरच्या चौकात. निकालानंतर विभागाचा कार्यवाही अहवाल आला: सर्व यंत्रे कार्यान्वित करण्यात आली आहेत. मी तो तात्यांना दाखवला. त्यांनी समासात पेन्सिलने लिहून परत पाठवला: "लॉगबुक मागव. विजेचं बिलही."